उतार बघून वाट निवडा: कळसाडी ते तोरणमाळ, सातपुड्यातली माउंटन बाइक

नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावातून सातपुड्याच्या जंगलात माउंटन बाइक न्यायची म्हटलं, की पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती किलोमीटर आणि किती चढ? दोन्ही प्रश्न दमाचे आहेत. त्यांतून थकवा किती येईल हे कळतं, पण वाट आपल्याला झेपेल का हे कळत नाही. चढावर ताकद संपली तर माणूस पाय टेकतो, सायकल हातात धरून चालू लागतो, फार तर उशीर होतो. उतारावर कौशल्य कमी पडलं तर पाय टेकायला वेळ मिळेलच असं नाही. म्हणून नवशिके, सरावलेले आणि तरबेज अशा तिघांसाठी वाटा वेगळ्या काढायच्या असतील, तर त्यांची प्रतवारी उतारावरूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. सातपुड्याच्या या भागात ते अधिकच महत्त्वाचं ठरतं. सायकलसाठी आखलेल्या, रंगीत पाट्या लावलेल्या वाटांचं जाळं इथे नाही. आहेत ते शेतांमधले पांदण रस्ते, जुन्या गाडवाटा, वनखात्याचे कच्चे रस्ते आणि पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा. कोणती वाट कुणासाठी, हे आधी कुणी ठरवून ठेवलेलं नसल्यामुळे ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि त्यासाठी हाताशी पक्की कसोटी हवी.

ही कसोटी इथल्या वाटांनीच केव्हापासून पाळलेली आहे. बैलगाडीची जुनी वाट कधीच डोंगराच्या अंगावरून सरळ खाली येत नाही. ती वळणं घेत, लांबचा फेरा मारत उतरते. भरलेली गाडी बैल चढावर ओढून नेतील, न जमल्यास ओझं कमी करता येईल किंवा आणखी एक जोडी लावता येईल; पण उतारावर तीच गाडी बैलांच्या मानेवर येते आणि तिला रोखून धरणं त्यांच्या ताकदीबाहेर जातं. गाडवाटेचा उतार म्हणून बैल किती रोखू शकतो यावर ठरला. पायवाटेचं उलटं असतं. डोक्यावर मोळी किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या माणसाला जवळचा रस्ता हवा असतो आणि त्याचे पाय तीव्र उतारावरही घट्ट रोवले जातात. म्हणून पायवाट धारेवरून सरळ उतरते. जंगलात एकाच ठिकाणाहून गाडवाट आणि पायवाट अशा दोन्ही खाली जात असतील, तर सायकलसाठी त्या दोन वेगळ्या श्रेणींच्या वाटा आहेत, मग वरची आणि खालची टोकं एकच का असेनात. माउंटन बाइकचा इतिहासही हेच सांगतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरच्या एका कच्च्या रस्त्यावरून खाली येण्याच्या शर्यती सुरू केल्या. साधारण सव्वातीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतरणारा तो रस्ता. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातला, पेडल उलटं दाबून लावायचा ब्रेक असे. एका उतरणीतच त्यातलं ग्रीस उष्णतेने जळून जाई आणि दर शर्यतीनंतर तुंबा खोलून नव्याने ग्रीस भरावं लागे. त्या रस्त्याला ‘रीपॅक’ हे नाव पडलं ते यावरूनच. पुढे गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची यांनी ज्या नव्या सायकली बांधल्या, त्यांच्यामागे अशा उतारांचा धडा होता.

थोडं गणित केलं तर हे आणखी स्पष्ट होतं. शंभर मीटर पुढे गेल्यावर वाट पंधरा मीटर खाली आली, तर तिचा उतार पंधरा टक्के. सुट्या मुरमावर टायरची पकड मध्यम, म्हणजे घर्षणांक ०.४ धरू. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली सायकल सपाटीवर ब्रेक दाबल्यापासून सुमारे चार मीटरमध्ये थांबते. पंधरा टक्के उतारावर तिला सव्वासहा मीटर लागतात, पंचवीस टक्के उतारावर साडेदहा. वेग ताशी ३० केला तर पंधरा टक्क्यांच्या त्याच उतारावर चौदा मीटर. ही अंतरं ब्रेक दाबल्यानंतरची आहेत. समोरचा दगड दिसून बोटं हलेपर्यंत एक सेकंद गेला, तरी ताशी २० च्या वेगात साडेपाच मीटर आधीच संपलेले असतात. आणि उतार चाळीस टक्क्यांवर गेला की याच पकडीने सायकल थांबतच नाही, ब्रेक कितीही चांगला असो. चढाच्या बाबतीत असा कुठलाही उंबरठा नाही. तिथे उतार वाढेल तसे कष्ट वाढत जातात, पण थांबणं कायम आपल्या हातात असतं.

वाटांची प्रतवारी करण्याची एक प्रचलित पद्धत आहे ती १९८८ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन या संस्थेची. तिने बर्फावरच्या स्कीइंगच्या खुणा उचलल्या: पांढरं आणि हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार आणि सर्वांत अवघड वाटेला असे दोन काळे आकार. हिरव्या वाटेची रुंदी निदान ९० सेंटिमीटर आणि सरासरी उतार पाच टक्क्यांपर्यंत. निळ्या वाटेला ६० सेंटिमीटर आणि दहा टक्के, काळ्या वाटेला ३० सेंटिमीटर आणि पंधरा टक्के. निळ्या वाटेवर चुकवता न येणारा दगड किंवा मूळ वीस सेंटिमीटरपर्यंत उंच असू शकतं, काळ्या वाटेवर जवळपास दुप्पट. या मोजपट्टीत वाटेची एकूण लांबी नाही आणि समुद्रसपाटीपासूनची उंचीही नाही, हे ध्यानात घ्या. ही मोजणी घरबसल्याही करता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक किलोमीटर म्हणजे दोन सेंटिमीटर, आणि समोच्च रेषा बहुधा वीस वीस मीटरवर असतात. वाटेच्या दोन सेंटिमीटर लांबीत पाच रेषा ओलांडल्या, तर उतार शंभर मीटर, म्हणजे दहा टक्के. दोनच रेषा असतील तर वाट हिरव्या श्रेणीत बसते. मात्र नकाशा सरासरी सांगतो. दोन रेषांच्या मध्ये लपलेला पंधरा मीटरचा कडक टप्पा त्यात दिसत नाही. म्हणून नव्या वाटेवर सायकल नेण्याआधी ती एकदा पायी चालून या, आणि जातानापेक्षा येताना, म्हणजे उतरताना, जास्त लक्ष द्या. पाय जिथे घसरतो तिथे चाकही घसरणार.

यावर एक आक्षेप रास्त आहे. परदेशातले हे रंग तिथल्या बांधलेल्या, निगा राखलेल्या वाटांसाठी आहेत. वेल्समधल्या कोएड-य-ब्रेनिनच्या किंवा स्कॉटलंडमधल्या ‘सेव्हन स्टेन्स’च्या जंगलात खास सायकलसाठी आखून, दगड बसवून, पाण्याला बाजूला वाट काढून दिलेले मार्ग आहेत, पाऊस आला तरी ते फारसे बदलत नाहीत. सातपुड्याची वाट महिन्यागणिक बदलते. हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्यामुळे कसोटी बदलत नाही. तिला जोड द्यावी लागते ती जमिनीची आणि महिन्याची. तापीच्या मैदानातली काळी माती कोरडी असताना सायकलला उत्तम, पण चिकणमातीचा अंश भरपूर असल्यामुळे ती भिजली की फुगते आणि चाकाला, फोर्कला, ब्रेकला चिकटून बसते. शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. जून ते सप्टेंबर पांदण रस्ते सायकलसाठी बंदच समजावेत. डोंगराचा पाया बेसाल्टचा. तो झिजून झालेला मुरूम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किंचित ओलसर आणि दबलेला असतो, तेव्हा पकड सगळ्यांत चांगली. तोच मुरूम जानेवारीनंतर सुटा होतो आणि उतारावर चाकाखालून खडे घरंगळू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची मोठी, वाळकी पानं वाटेवर पसरतात. त्यांच्याखाली दगड आहे, खड्डा आहे की मूळ, काही दिसत नाही, आणि पानांवर ब्रेक लावला तर चाक सरळ पुढे जातं. म्हणजे नोव्हेंबरात निळी असलेली वाट मार्चमध्ये काळी मानावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि जंगलात वणव्याची भीती असते. त्या दिवसांत दिवसा जंगलात सायकल नकोच.

सुरुवात मैदानात करावी, आणि ती कमीपणाची समजू नये. कळसाडीच्या पातळीवरून सातपुड्याची भिंत उत्तरेला दिसत असली तरी पहिले काही आठवडे तिच्याकडे न जाता शेतरस्त्यांवरच घालवावेत. इथे उतार नगण्य असतो, पण बाकी सगळं शिकायला मिळतं: चाकोरीतून चाक बाहेर काढणं, वाळलेल्या नाल्यात उतरून पलीकडे चढणं, दगडाआधी वजन मागे नेऊन पुढचं चाक हलकं करणं. त्यासाठी महागडी सायकलही लागत नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळते तशी साधी सायकलही या वाटांवर व्यवस्थित चालते, आणि रोज कच्च्या रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलीचा तोल शहरातून नवी माउंटन बाइक घेऊन आलेल्या पाहुण्यापेक्षा पुष्कळदा चांगला असतो. मैदानात धोका वेगळा आहे. शहादा परिसर उसाचा. गळीत हंगामात पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जात असतात. त्यांची मागची ट्रॉली वळणावर आत येते, आणि अंधारात तिला मागे दिवा असेलच असं नाही. डांबरी रस्त्यावरून पांदणीपर्यंतचं अंतर उजेडात कापा. दुसरी गोष्ट काट्यांची. बाभूळ आणि बोरीचे काटे इथे इतके आहेत की साध्या ट्यूबवर दिवसातून एकापेक्षा जास्त पंक्चर गृहीत धरावेत. शक्य असेल तर ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट. नाहीतर दोन जादा ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप. काटा टायरच्या आतून बोट फिरवून शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नये.

दुसरी पायरी म्हणजे पायथ्याचा पट्टा: शेतं संपतात, अंजन, सालई, खैर, सागाचं विरळ जंगल सुरू होतं, वनखात्याचे कच्चे रस्ते नाले ओलांडत टेकड्यांच्या कडेने जातात. शहादा तालुक्यातल्या उनपदेवाच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडची बाजू अशा रानाची कल्पना देते. इथल्या वाटा बहुतेक निळ्या श्रेणीच्या, मधूनच एखादा तुकडा काळा. या टप्प्यावर माझा सल्ला नेहमीच्या चालीच्या उलट आहे. फेरी आखताना खडकाळ, तीव्र वाट चढायला घ्या आणि रुंद, संथ रस्ता उतरायला. बहुतेकजण गुळगुळीत रस्त्याने आरामात वर जातात आणि ‘मजा’ म्हणून अवघड वाटेने खाली येतात; पडणारे बहुतेक तिथेच पडतात. खडकाळ वाट चढताना वेग माणसाच्या चालीइतका असतो. दगडावर चाक अडलं तर फार तर पाय टेकावा लागतो, आणि तेवढ्यात तुम्हाला वाटेचा प्रत्येक दगड, प्रत्येक वळण जवळून बघायला मिळतं. जी वाट बसल्या जागेवरून न उतरता, एकदाही पाय न टेकता चढता येते, ती उतरायला हरकत नाही. जिथे सायकल ढकलत न्यावी लागली, तो तुकडा उतरतानाही ढकलतच आणावा. फक्त दम अपुरा पडला म्हणून पाय टेकला असेल, तर तेवढी सूट घ्या; पण चाक घसरलं म्हणून टेकला असेल, तर तो तुकडा अजून तुमचा नाही.

उतारातच तर सगळा आनंद आहे, तोच काढून घेतल्यावर राहिलं काय, असं कुणी म्हणेल. आनंद उतारात आहे हे खरंच. म्हणूनच तो शिकून घ्यावा, नशिबावर सोडू नये. उतरताना बसून राहू नका. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून त्यांवर उभे राहा, गुडघे आणि कोपरं वाकलेली, नजर चाकासमोर न ठेवता आठ-दहा मीटर पुढे. सीट आधीच खाली करा. उंच सीट माणसाला पुढे फेकते. ब्रेकवर एकेकच बोट, बाकीची बोटं मुठीवर. पुढच्या ब्रेकची भीती बाळगणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे. प्रत्यक्षात थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच चाकात असते, कारण ब्रेक लावताच वजन पुढे येतं. फक्त तो हळूहळू दाबायचा, आणि हँडल वळलेलं असताना किंवा पाचोळ्यावर दाबायचा नाही. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात ब्रेक सोडा. मागचं चाक घासटत नेणं हे कौशल्य नाही: सायकल थांबत नाही आणि वाट मात्र खरवडली जाते. सायकलीला दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेत, पुढे शंभर-एकशेवीस मिलिमीटर दबणारा सस्पेन्शन फोर्क पुरे, मागे सस्पेन्शन नसलं तरी या जंगलात अडत नाही. सव्वादोन इंची टायरमध्ये साधारण सत्तर किलोच्या माणसाने ट्यूब असल्यास तीस ते पस्तीस पीएसआय, ट्यूबलेस असल्यास पंचविशीच्या आसपास हवा ठेवावी. गावातल्या दुकानात टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरून देतात. तसा टायर मुरमावर उसळतो आणि पकड घालवतो. हेल्मेटबद्दल चर्चेला जागा नाही.

तिसऱ्या पायरीला लोक तोरणमाळ म्हणतात, कारण ते उंच. तोरणमाळचं पठार सुमारे साडेअकराशे मीटरवर आहे आणि पायथ्याच्या मैदानाहून साधारण हजार मीटर वर, त्यामुळे ‘तोरणमाळ केलं’ म्हणजे मोठी मजल, असा समज होणं साहजिक आहे. उताराच्या कसोटीने पाहिलं तर चित्र पालटतं. वर यशवंत तलावाच्या भोवतालचा भाग हलक्या चढउतारांचा आहे आणि गाडीने वर पोचलेला नवशिकाही तिथे निर्धास्त सायकल चालवू शकतो. सीताखाई किंवा खडकी पॉइंट यांच्या कड्याजवळ मात्र सायकलवरून उतरून चालत जायचं, एवढं पथ्य. कड्याच्या कडेला वाट सपाट असली तरी चूक करायला जागा नसते, आणि हा धोका टक्क्यांत मोजता येत नाही. उलट शहाद्याकडून वर येणारा सात पायरीचा घाट रस्ता डांबरी आहे, चढायला दमवणारा आहे, आणि दमलेल्या माणसाला तो सोपा वाटतो फक्त परत निघेपर्यंत. लांब उतारावर ब्रेक सलग दाबून धरले की तापतात, पंजे आखडतात, आणि समोरून वळणावर जीप येते. इथे ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. दर काही वळणांनी सुरक्षित जागी थांबून हात मोकळे करायचे. आणि डावी बाजू सोडायची नाही, वळण कितीही मोकळं दिसो. घाट चढून जाण्याइतका दम आहे पण असा लांब उतार आधी कधी उतरलेला नाही, अशा स्वाराने चढून जावं आणि खाली सायकल गाडीत टाकून यावं. यात काहीही उणेपणा नाही.

उरल्या त्या डोंगरधारेवरच्या पायवाटा, म्हणजे काळ्या आणि त्याहून वरच्या. सातपुड्यात अशा भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांबद्दल माझं मत नकाराचं आहे, तरबेज माणसासाठीसुद्धा. कारण केवळ कौशल्याचं नाही. अस्तंबा शिखराची वाट घ्या. दिवाळीच्या सुमारास तिथे अश्वत्थाम्याच्या दर्शनाला हजारो भाविक पायी चढतात. ती यात्रेची वाट आहे, तीव्र आहे, आणि तिथे सायकल नेणं म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेच्या रस्त्यावर स्वतःचा खेळ मांडणं. धडगाव-अक्राणीकडच्या धारेवरच्या पायवाटा पाड्यांमधल्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. वळणावर समोरून पाण्याचा हंडा घेतलेली बाई, शाळेतलं पोर, शेळ्यांचा कळप येणार हे गृहीतच धरायला हवं, आणि वर केलेल्या गणिताप्रमाणे ताशी २० च्या वेगात वीस-पंचवीस टक्के उतारावर तुम्ही दहा मीटरच्या आत थांबू शकत नाही. दहा मीटर पुढचं दिसत नसलेल्या पायवाटेवर कितीही निष्णात स्वाराला वेगाने उतरण्याचा हक्क नाही. ज्यांना खरोखर काळ्या श्रेणीचा सराव करायचा आहे त्यांनी वनरस्त्यालगतचा, दोन्ही टोकं दिसणारा शंभर-दीडशे मीटरचा तुकडा निवडावा, खाली एक माणूस उभा करावा आणि तोच पुन्हा पुन्हा उतरावा. कौशल्य अशाने लवकर येतं. दहा किलोमीटरची अनोळखी वाट एकदा जीव मुठीत धरून उतरल्याने येत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मी शेवटी घेतो, कारण तो खेळाबाहेरचा आहे: हे जंगल भिल्ल-पावरा समाजाच्या जगण्याचं आहे, ते बाहेरच्यांच्या करमणुकीचं मैदान का व्हावं? या प्रश्नाला ‘पर्यटनाने रोजगार मिळतो’ एवढं उत्तर पुरत नाही. आधी परवानगी. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि तोरणमाळचं वनक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित आहे. म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन वाट सांगून लेखी परवानगी घ्यावी. पण कागदावरची परवानगी म्हणजे गावाची संमती नव्हे. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण आणि शहादा-नंदुरबारमधला काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचं रक्षण-व्यवस्थापन करण्याचा हक्कही तिलाच दिला आहे. गट मोठा असेल, वारंवार जायचं असेल किंवा वाटेवर खुणा करायच्या असतील, तर ग्रामसभेसमोर विषय गेलाच पाहिजे, आणि ‘नको’ हे उत्तर मिळालं तर ते शेवटचं मानलं पाहिजे. एक-दोघांनी जायचं तरी पाड्यावर थांबून वाट विचारावी, गावातला तरुण सोबत घ्यावा, त्याच्या दिवसाचा मोबदला आधी ठरवून द्यावा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहाची फुलं वेचणारी कुटुंबं झाडांखाली असतात, होळीच्या दिवसांत गावंच्या गावं रस्त्यावर असतात. तेव्हा जंगलवाटा त्यांच्यासाठी मोकळ्या सोडाव्यात. सायकलने जंगलाची धूप होते का, याचं उत्तर मात्र लोक समजतात तितकं वाईट नाही. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर विल्सन आणि सेनी या संशोधकांनी केलेल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पायांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, असं आढळलं. पण त्याचा अर्थ मोकळीक असा घेऊ नये. नुकसान होतं ते ओल्या वाटेवर पडलेल्या चाकोरीने, घासटलेल्या ब्रेकने आणि वाट सोडून मारलेल्या आडवाटांनी, कारण त्या चाकोरीतून पुढच्या पावसाचं पाणी धावतं. डोंगरावर मृद्‌संधारणासाठी खणलेले समतल चर आणि त्यांचे बांध दिसायला उड्या मारण्याजोगे असतात. त्यांवर चाक घालू नका. गावाचं पाणी त्यांच्या भरवशावर मुरतं. नवी वाट तर कुणीच, कधीच काढू नये.

निघण्याआधी शेवटचा हिशेब वेळेचा आणि मदतीचा करावा, कारण वाटेची श्रेणी त्यानेही एक पायरी वर सरकते. १०८ ची रुग्णवाहिका जिथवर येऊ शकते त्या रस्त्यापासून दुखापत झालेल्या माणसाला उचलून आणायला किती वेळ लागेल? अर्ध्या तासाहून जास्त लागणार असेल तर निळी वाट काळी समजा आणि तसेच उतरा. दऱ्यांमध्ये मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही. म्हणून कुठून निघालो, कुठे उतरणार, किती वाजता परतणार हे गावात एका माणसाला सांगून ठेवा, आणि एकट्याने जंगलात जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दरीत सावली त्याआधीच येते. मुरमावरच्या लांब सावल्यांत खड्डा आणि दगड यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि बिबट्यांच्या फिरण्याची वेळही तीच. चारपर्यंत शेवटचा उतार उतरून झालेला असावा. दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर या हिशेबाने पाणी बरोबर घ्या. हिवाळ्यानंतर नाले कोरडे पडतात. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यांच्या खाली थांबून आरडाओरडा, धूर किंवा ड्रोन उडवणं टाळा. साप चावला तर जखम कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काहीच न करता माणसाला शक्य तितकं न हलवता उचलून तालुक्याच्या रुग्णालयात न्या, जिथे प्रतिविष मिळतं. आणि चढताना दुपारचे बारा वाजले, तरी वाटेचा माथा आला नाही, तर आलेल्या वाटेनेच मागे फिरा. पलीकडचा उतार कसा आहे ते अजून तुम्ही पाहिलेलं नाही.